विद्यार्थ्याचं बँक खातं: शिल्लक दोनशे रुपये असताना काय कापलं जाईल ते आधी बघा

प्रश्न असा आहे: "मॅडम, मी उदगीर तालुक्यातली. या वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. वडील शेती करतात, महिन्याला पाच-सहा हजार पाठवतील. आमच्या कॉलेजचं एका खासगी बँकेशी टायअप आहे. तिथे स्टुडंट झिरो बॅलन्स खातं आणि इंटरनॅशनल डेबिट कार्ड देतायत. आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी गावाकडच्या सरकारी बँकेत काढलेलं एक खातं आहे, ते तसंच पडून आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय. कोणतं खातं ठेवू, कार्ड कोणतं घेऊ, आणि जुनं खातं बंद करू का?"

आधी थेट उत्तर देते. जुनं खातं बंद करू नकोस. तेच नीट करून घे आणि 'बीएसबीडी' प्रकारात, म्हणजे किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात, बदलून माग. कार्ड साधं रुपे घे, आणि गरज वाटत नसेल तर पहिल्या वर्षी घेऊही नकोस. कॉलेजच्या बँकेतलं खातं सक्तीचं नसेल तर काढू नकोस. सक्तीचं असेल तर काढ, पण तिथल्या फॉर्मवर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी, आधार जोडायची संमती मात्र देऊ नकोस. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

मी सरकारी बँकेत नोकरी केली, आधी मराठवाड्यात तालुक्याच्या शाखांत आणि नंतर पुण्यात. प्रवेशाच्या दिवसांत काउंटरवर मुलांची रांग लागायची आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा, 'कोणती बँक चांगली?' खातं उघडायला पैसे पडत नाहीत म्हणजे ते फुकट, असं ही मुलं धरून चालतात. खातं उघडायला कुठेच पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते नंतर, आणि जातात ते शिल्लक कमी असणाऱ्याचे. लाखभर रुपये ठेवणाऱ्याला बँक कार्डाचं शुल्क माफ करते, एटीएमचे व्यवहार वाढवून देते. महिनाअखेरीला दोनशे रुपये उरणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. म्हणून विद्यार्थ्याने बँकेचं नाव बघू नये, व्याजदरही बघू नये. खात्यात दोनशे रुपये असताना ही बँक माझ्याकडून काय-काय कापेल, एवढंच विचारावं.

व्याजाचं आधीच मिटवून टाकू. मोठ्या बँकांचा बचत खात्यावरचा दर २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आला. तुझी वर्षभराची सरासरी शिल्लक तीन हजार धरली तर वर्षाचं व्याज होतं ७५ रुपये. आणि साध्या डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क? स्टेट बँकेने एप्रिल २०२४ पासून ते क्लासिक कार्डासाठी २०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ रुपये केलं. एका कार्डातच तीन वर्षांचं व्याज गेलं. एखादी बँक अर्धा टक्का जास्त देते म्हणून तिकडे जावं, असा हिशेब तुझ्या रकमेला लागू होत नाही.

आता किमान शिल्लक. पासबुकात ज्या ओळीने मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात ती हीच. 'माझ्या खात्यात एक तारखेला सहा हजार होते, मग दंड कसा?' बँक एका दिवसाची शिल्लक बघत नाही, महिन्याची सरासरी काढते. तुझंच उदाहरण घेऊ. एक तारखेला वडिलांनी सहा हजार टाकले. चार दिवस ते तसेच राहिले. पाच तारखेला मेसचे आणि रूमचे देऊन दोन हजार उरले, ते चौदा तारखेपर्यंत तेवढेच राहिले असं धर. पंधरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत पाचशे. रोजच्या शिलकांची बेरीज होते चोवीस हजार, वीस हजार आणि आठ हजार, एकूण ५२,०००. भागिले तीस, सरासरी १,७३३ रुपये. ज्या बँकेची अट दहा हजारांची आहे तिथे तूट झाली ८,२६७. खासगी बँकांत तुटीच्या सहा टक्के हा दर सर्रास आढळतो. म्हणजे ४९६ रुपये, वर जीएसटी धरून ५८५. सहा हजारांच्या खर्चाला महिन्याला जवळपास सहाशेचा दंड. घरून आलेल्या पैशांचा दहावा हिस्सा काहीही न घेता गेला.

हा दंड वाटेल तसा लावता येत नाही, हे मात्र लक्षात ठेव. एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे शिल्लक कमी झाली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायला हवं आणि शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायला हवा. दंड तुटीच्या प्रमाणातच हवा. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे शिलकीत जाता कामा नये. शून्याच्या खाली ढकललेलं खातं दिसलं तर गप्प बसू नये, लेखी तक्रार करावी.

सुदैवाने सरकारी बँकांनी ही अट बऱ्यापैकी सोडून दिली आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच दंड काढून टाकला, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, आणि त्यापाठोपाठ जुलैत पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि साध्या बचत खात्यांपुरती बँक ऑफ बडोदानेही. याउलट ऑगस्ट २०२५ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने शहरांतल्या नव्या खात्यांसाठी अट एकदम पन्नास हजारांवर नेली, ओरड झाल्यावर काही दिवसांत ती पंधरा हजारांवर आणली. किमान शिल्लक किती असावी हे ज्याच्या-त्याच्या बँकेने ठरवायचं, अशीच रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. म्हणून आज शून्य असलेली अट उद्या बदलू शकते, हे साध्या बचत खात्याच्या बाबतीत गृहीत धरावं लागतं.

बीएसबीडी खात्याच्या बाबतीत मात्र ते गृहीत धरावं लागत नाही, आणि म्हणूनच मी त्याचा आग्रह धरते आहे. मूलभूत बचत ठेव खातं ही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये सगळ्या बँकांना घालून दिलेली सोय आहे. किमान शिल्लक नाही, एटीएम-कम-डेबिट कार्ड विनाशुल्क, त्याचं वार्षिक शुल्कही नाही, कितीही वेळा पैसे भरता येतात, आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. उत्पन्नाची किंवा वयाची अट नाही. जनधन खातं हेही याच जातीचं. खासगी बँकेलाही हे खातं द्यावंच लागतं. पण काउंटरवरून कुणी आपणहून सांगत नाही, कारण या खात्यातून बँकेला काही मिळत नाही आणि कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर दुसरीच टार्गेट्स असतात. 'ते फक्त गरिबांसाठी असतं' असं कुणी म्हणालं तर तसा नियम नाही, एवढंच शांतपणे सांग आणि अर्ज लेखी दे.

एक अट आहे: ज्या बँकेत बीएसबीडी खातं आहे, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दुसऱ्या बँकेत ठेवायला हरकत नसते.

आणि एक खाचखळगा होता, तो माहीत असायला हवा. 'महिन्याला चार वेळा' यात नेमकं काय मोजायचं? आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आशिष दास यांनी या खात्यांवरच्या शुल्कांचा चिकाटीने अभ्यास केला. त्यातून समोर आलं, की स्टेट बँक चारच्या पुढच्या प्रत्येक वजावटीला १७ रुपये ७० पैसे लावत होती, मग ती वजावट यूपीआयने केलेली असली तरी. चहाचे दहा रुपये दिले की शुल्क साडेसतरा. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्याच बँकांना सांगितलं, की रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून असं जे काही घेतलं असेल ते परत करा. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच स्पष्ट केला. १ एप्रिल २०२६ पासून यूपीआय, एनईएफटी, दुकानातलं कार्ड स्वाइप यांसारखे डिजिटल व्यवहार या चारांत धरायचे नाहीत, वर्षाला २५ पानांचं चेकबुक, नेट बँकिंग आणि पासबुक मोफत, आणि आधीपासून बचत खातं असलेल्याने मागितलं की सात दिवसांत त्याचं खातं बीएसबीडीत बदलून द्यायचं. तू उदगीरला जाऊन मागणार आहेस ते हेच.

कार्डाकडे येऊ. कार्ड कशासाठी लागतं, ते आधी स्वतःला विचार. हॉस्टेलच्या आसपास वडापावच्या गाडीपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर आहे. यूपीआय पिन बसवायला पूर्वी डेबिट कार्ड लागायचं. आता आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेतला मोबाइल एकच असेल तर आधार ओटीपीनेही पिन बसतो. बऱ्याच एटीएमवर यूपीआयने कार्डाविना रोख निघते. म्हणजे कार्डाशिवाय एखादं वर्ष सहज निघतं. साध्या बचत खात्यावर कार्ड 'नको' म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. खातं उघडताना हातात जे वेलकम किट देतात त्यात कार्ड असतंच, म्हणून फॉर्मवरच कार्डाची चौकट रिकामी सोडून तोंडीही सांगावं. बीएसबीडीवर मात्र कार्ड विनाशुल्क असल्याने घेऊन ठेवायला हरकत नाही. मोबाइल हरवला त्या दिवशी तेच कामाला येतं.

रुपे की व्हिसा, यावर मुलं फार विचार करतात. भारतात वापरायचं असेल तर रुपे पुरेसं आहे आणि एका बाबतीत सरस आहे. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क लागत नाही. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डावर ते लागतं, आणि बरीच फी पोर्टल्स ते 'कन्व्हीनियन्स फी' म्हणून तुझ्यावर ढकलतात. साठ-सत्तर हजारांची फी भरताना हा फरक दिसतो. पैसे भरायचं बटण दाबण्याआधी यूपीआय, रुपे आणि नेट बँकिंग या तिन्हींवर एकूण रक्कम किती दाखवतेय ते बघ, मग भर.

इंटरनॅशनल कार्ड तुला आज लागत नाही. पुढे कधी एखादी फी डॉलरमध्ये भरावी लागली तर ते लागेल, तेव्हा घे. परकी चलनातल्या खरेदीवर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्यावर जीएसटी. नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो, हा २०२० पासूनचा नियम आहे. तुला हवा तेवढाच अॅपमधून सुरू कर, आणि एटीएमची दिवसाची मर्यादा पाच हजारांवर आणून ठेव. प्लॅटिनम कार्ड, स्वतःच्या फोटोचं कार्ड, विमानतळाच्या लाउंजचं कार्ड: हे विद्यार्थ्याला विकणं मला आजही पटत नाही. त्यातल्या अपघात विम्यालाही अट असते, की ठरावीक दिवसांत कार्डाने एखादा व्यवहार झालेला हवा. पेटीत पडलेल्या कार्डावर दावा मंजूर होत नाही.

एटीएमच्या बाबतीत पुण्यात आलीस याचा एक छोटा फायदा आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला मोफत व्यवहार महानगरांत तीन आणि इतरत्र पाच मिळतात, आणि या नियमापुरती महानगरं सहाच आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. पुणे त्यात नाही. साध्या बचत खात्यावर तुला पाच मिळतील; बीएसबीडीवर वर सांगितलेला किमान चारचा नियम. तुझी मैत्रीण मुंबईला गेली असेल तर तिला तीन. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच. त्यापुढे मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे.

यात नुसती शिल्लक बघणंही मोजलं जातं, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर बघितली तर. शिल्लक बघून मग पैसे काढले की दोन व्यवहार झाले. शिल्लक अॅपवर किंवा मिस्ड कॉलवर बघावी. मशीनमध्ये नोटा नव्हत्या, मशीन बिघडलं, किंवा पिन चुकला म्हणून फसलेला व्यवहार मोफत व्यवहारांत धरायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये बजावलं आहे. पण खात्यात ४५० असताना ५०० मागितले आणि मशीनने नकार दिला, तर त्या नकाराचेच वीस-पंचवीस रुपये अधिक जीएसटी अनेक बँका लावतात. महिनाअखेरीला ही ओळ पासबुकात हमखास दिसते. आणि पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोज शंभर रुपये भरपाई मिळते, तीही न मागता. स्लिप जपून ठेव, नाहीतर मशीनचा फोटो काढून ठेव.

किरकोळ शुल्कांत एसएमएसचं तिमाही शुल्क, हरवलेल्या कार्डाच्या बदली कार्डाचे दोन-तीनशे रुपये आणि होम ब्रँच सोडून दुसऱ्या शाखेत रोख भरण्याचं शुल्क येतं. शेवटचं तुझ्या वडिलांसाठी महत्त्वाचं आहे. खातं पुण्यात काढलंस आणि ते उदगीरच्या शाखेत रोख भरणार असतील, तर ते होम ब्रँचबाहेरचं भरणं ठरू शकतं. खातं उदगीरलाच राहिलं तर हा प्रश्नच उरत नाही. पुण्यात ते कुठूनही चालतं. त्यांना यूपीआय जमत असेल तर उत्तमच.

एक कपात अशी आहे, जी बँकेचं शुल्क नसूनही मुलांना बुचकळ्यात टाकते. मे महिन्याच्या शेवटी खात्यातून ४३६ रुपये जातात. ते जीवन ज्योती विम्याचे असतात. २० रुपये गेले तर ते सुरक्षा विम्याचे. खातं उघडताना सह्यांच्या गठ्ठ्यात तो फॉर्मही गेलेला असतो. योजना वाईट नाहीत. वीस रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा तर मी कुणालाही घ्यायला सांगेन. पण ४३६ रुपयांचा विमा विद्यार्थ्याने घ्यायचा की नाही, हे त्याने स्वतः ठरवावं. नको असेल तर शाखेत एक अर्ज दिला की पुढच्या वर्षीपासून कपात थांबते.

आणि हप्त्यावर मोबाइल घेतलास तर ऑटो-डेबिटच्या तारखेला शिल्लक असायलाच हवी. तेवढी शिल्लक नसेल तर तुझी बँक अडीचशे ते पाचशे रुपये अधिक जीएसटी कापते, कर्ज देणारी कंपनी तिचा दंड वेगळा लावते, आणि ती पुन्हा प्रयत्न करते तेव्हा हे सगळं पुन्हा होतं. विद्यार्थ्यांच्या खात्यांत सगळ्यात मोठी गळती मी इथे बघितली आहे, किमान शिलकीच्या दंडापेक्षाही मोठी.

आता आधारचं. महाडीबीटीचे पैसे, मग ती राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असो की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तुझ्या आधार क्रमांकावर येतात. ते कोणत्या बँकेत पोचवायचे हे एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेला जोडलाय त्या यादीत, नोंदलेलं असतं, आणि एका आधारसमोर तिथे एकच बँक असते. सगळ्यात शेवटी ज्या बँकेने नोंद केली, ती. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. केवायसीसाठी आधार देणं म्हणजे ओळख पटवणं. ती तू दहा बँकांत पटवू शकतेस. मॅपरमध्ये नोंद, ज्याला आम्ही सीडिंग म्हणतो, ती वेगळी संमती असते आणि तिची वेगळी चौकट फॉर्मवर असते. 'आधार लिंक आहे' असं काउंटरवरून सांगितलं तरी सीडिंग झालेलंच असतं असं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी बँकांसमोर ज्या रांगा लागल्या, त्यातल्या कितीतरी याच एका गोष्टीसाठी होत्या.

यातून काय होतं ते बघ. मुलगा कॉलेजच्या कॅम्पमध्ये खातं काढतो, टॅबवर अंगठा लावतो, सगळ्या चौकटींवर टिक होते आणि मॅपरमधली नोंद नव्या बँकेकडे जाते. पुढे ते खातं वापरात राहत नाही. शिष्यवृत्ती मंजूर होते, पोर्टलवर पैसे दिलेले दिसतात आणि मुलगा जुन्या पासबुकात एन्ट्री मारून-मारून थकतो. पैसे हरवलेले नसतात, दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. ते खातं बंद झालेलं असेल तर मात्र परत जातात, आणि मग समाजकल्याण कार्यालय, कॉलेज आणि बँक असे हेलपाटे सुरू होतात. सिम कार्ड घेताना उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांमुळेही हे झालेलं आहे. २०१७ मध्ये गॅसचं अनुदान अशा खात्यांत गेल्याचं देशभर गाजलं होतं.

नोंद कुठे आहे हे बघायला बँकेत जावं लागत नाही. यूआयडीएआयच्या 'माय आधार' पोर्टलवर ओटीपीने आत गेलीस की 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं: बँकेचं नाव, नोंद चालू की बंद, आणि तारीख. खाते क्रमांक तिथे दिसत नाही, म्हणून एकाच बँकेत दोन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते शाखेतच विचारावं लागतं.

गावच्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत खातं ठेवू का, असंही बऱ्याचदा विचारतात. जिल्हा मध्यवर्ती किंवा नागरी सहकारी बँक असेल तर यूपीआय आणि डीबीटी दोन्ही चालतं का ते खात्री करून बघ. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पण २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी एक हजारच काढायची मुभा होती. विमा असला तरी महिन्याचा खर्च अडकून पडतो. पतसंस्था ही बँक नाही, तिला तो विमाही नाही. पोस्टाच्या बचत खात्यावर चार टक्के व्याज आहे, पण पाचशे रुपये ठेवावे लागतात. रोजच्या वापराला मी ते सुचवणार नाही.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगते, कारण हॉस्टेलवर कुणीतरी ती तुझ्यापर्यंत आणणारच. 'तुझं खातं आणि कार्ड महिनाभर दे, पाच हजार मिळतील', किंवा 'माझ्या नातेवाइकाचे पैसे तुझ्या खात्यात येतील, तू फक्त पुढे पाठव.' हे सायबर फसवणुकीचे पैसे फिरवण्याचं काम असतं. पहिली तक्रार झाली की खातं गोठतं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात असेल तर तीही अडकते आणि पोलिसांच्या चौकशीत खातेदार म्हणून तुझं नाव येतं. कार्ड, सिम, ओटीपी यातलं काहीही कुणाला देऊ नकोस, जवळच्या मैत्रिणीलाही नाही. तुझ्याच खात्यातून न कळत पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळव. तुझी चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस तर २०१७ च्या नियमाप्रमाणे तुझ्यावर काही भार येत नाही. उशीर झाला की वाटा तुझ्यावरही येतो.

शाखेने दाद दिली नाही तर लेखी तक्रार देऊन पोच घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पुण्याला निघायच्या आधी उदगीरच्या शाखेत एक दिवस घालव. सोबत आधार, पॅन (नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म तिथेच मिळतो), फोटो आणि जुनं पासबुक ने. खातं लहानपणी पालकाच्या नावाने चालत असेल, तर आता तुझी सही आणि तुझ्या नावाची केवायसी लागेल. दोन वर्षं व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय दाखवत असेल तर ते सुरू करायला शुल्क नाही आणि त्या काळातला किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती तर त्या यादीत टाकायचीच नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून सांगितलं आहे. मोबाइल नंबर आधारला जो आहे तोच इथे लाव. मग दोन वेगळे अर्ज दे: एक खातं बीएसबीडीत बदलण्याचा, दुसरा डीबीटीसाठी आधार सीडिंगचा. दोन्हीवर शिक्का आणि तारीख घे. पुण्याचा सध्याचा पत्ता द्यायचा असेल तर आधार बदलायची गरज नाही, स्वतःचं प्रतिज्ञापन चालतं.

चार-पाच दिवसांनी माय आधारवर बघ. तिथे याच बँकेचं नाव आणि नोंद चालू दिसली, की मगच महाडीबीटीचा फॉर्म भर. कॉलेजच्या कॅम्पमध्ये खातं काढावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तेच पान उघडून बघ.